मनकर्णेवर दोष नाही

मी, कौतिक सुपडू महाजन, वय बासष्ट, मूळ राहणार बहादरपूर, हल्ली वस्ती शहर बऱ्हाणपूर, शनवारा दरवाजाजवळ, जिल्हा निमाड, पेन्शनीत निघालेला शाळामास्तर, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या छातीत पाणी झाले आहे. डॉक्टर म्हणतात, होळी बघाल, पाडव्याचे सांगता येत नाही. डोके ठिकाणावर आहे. राग पुष्कळ आहे, पण राग म्हणजे भ्रम नव्हे, आणि उद्या कोणी कोर्टात तसे म्हणू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. हे खरे लिहायचे दडपण कोणी आणले असते तर पंचवीस वर्षांपूर्वीच लिहिले असते.

यापूर्वी मी स्वतःचे मृत्युपत्र केलेले नाही. दुसऱ्यांच्या सांगण्यावरून मात्र एक कागद लिहिला आहे, आणि मुख्यतः तो खोडण्यासाठी हा लिहितो आहे.

कलम १. माझी माणसे. माझी पत्नी गोदाबाई सन १९०४ च्या प्लेगात वारली. आम्हांला मूलबाळ झाले नाही. थोरले बंधू दगा सुपडू महाजन बहादरपुरास राहतात, वय सत्तर, आमच्या ज्ञातीच्या पंचांत त्यांचा शब्द अखेरचा. धाकटी बहीण मनकर्णा, वय चव्वेचाळीस, गेली सतरा वर्षे माझ्या घरात आहे. माझ्यामागे जे उरेल त्याची धनीण ती. मुखत्यार म्हणून मी माझा जुना विद्यार्थी व आता त्याच शाळेतला मास्तर वामन बळवंत टोकेकर यास नेमतो. वामन, भिडस्तपणा करू नकोस. तुझ्यात तो आहे आणि माझ्यातही होता, त्याने काय होते ते पुढे वाच.

कलम २. सन १८८६ च्या माघातला निवाडा. मनकर्णा पहिल्या बाळंतपणाला असीरगडाखालच्या तिच्या सासरहून बहादरपुरास, दगादादांच्या घरी, आली होती. वय एकोणीस. मुलगा झाला. तो दीड महिन्याचा असताना थंडीची लाट आली. घरात लग्न निघाले होते, पाहुणे होते, म्हणून बाळ-बाळंतिणीची बाज पडवीत काढली होती. तिने वहिनीपाशी आणखी एक गोधडी मागितली. नव्या चार गोधड्या पेटीत होत्या, पण त्या आहेराच्या, म्हणून पेटीचे कुलूप निघाले नाही. मनकर्णेने लेकराला आपल्या अंगाशी, आपल्याच लुगड्यात घेतले. दिवसभराची थकलेली, तिचा डोळा लागला. सकाळी लेकरू गार होते.

तिसऱ्या दिवशी पंच बसले. सासरचे आले. निवाडा झाला की आईने आपल्या अंगाखाली मूल मारले, सबब ही बालहत्या. हिने बारा वर्षे गावच्या विहिरीला हात लावू नये, चुलीपाशी जाऊ नये, पंगतीत बसू नये. नवऱ्याने तिला तिथेच टाकली. दादांनी तिची बाज गोठ्यात नेली.

आता लिहायची गोष्ट अशी, की त्या बैठकीत लिहिता येणारा मी एकटा होतो. दादा म्हणाले, "कौतिक, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही." मी लिहिले. वळणदार लिहिले. 'बालहत्या' हा शब्द लिहिताना मला ठाऊक होते की तो खोटा आहे, आणि पेटीतल्या गोधड्यांचेही ठाऊक होते. मनकर्णा दाराशी उभी होती आणि माझ्या लेखणीकडे बघत होती. मी मान वर केली नाही.

त्या निवाड्याची नक्कल या कागदास जोडली आहे. मी, तिचा लेखक, जाहीर करतो की तो मजकूर खोटा आहे. मनकर्णेवर दोष नाही. हे वाक्य सब-रजिस्ट्रार साहेबांनी नोंदीत शब्दशः घ्यावे, सारांश करू नये.

कलम ३. घर. शनवाऱ्याचे दोन खोल्या व ओटा असलेले घर मी माझ्या पगारातून बांधले. ते मनकर्णेस पूर्ण मालकीने, विकण्याच्या व देण्याच्या हक्कासह देतो. नुसते राहण्यापुरते नव्हे. पोस्टातली शिल्लकही तिचीच.

कलम ४. ज्या माणसामुळे माझी मान वर झाली त्याच्याविषयी. हे मृत्युपत्रात कशाला, असे वामनने विचारले. कलम सातमध्ये एक वही द्यायची आहे, आणि ती काय आहे हे कळल्याशिवाय तिची किंमत कोणाला कळणार नाही, म्हणून.

सन १८९० च्या सुमारास लालबागेत स्टेशनाजवळ एक पाद्रीसाहेब राहायला आले. त्यांना मराठी शिकायची होती, मला इंग्रजी पक्के करायचे होते. त्यांच्या ट्रंकेत एक जाड पुस्तक होते, अबेलार्ड नावाच्या फ्रान्सातल्या एका पंडिताचे चरित्र आणि विचार. त्याला होऊन आठशे वर्षे होत आली. मधले लॅटिन उतारे साहेब मला तोंडी समजावून सांगत.

हा अबेलार्ड सरदाराचा थोरला मुलगा. शिकायचे म्हणून त्याने वडिलकीचा हक्क भावांना सोडून दिला. गुरूंशी वाद घातले, जिंकले, आणि गुरू वैरी झाले. शंका विचारणे हा अधर्म नव्हे, तिथूनच शोध सुरू होतो, असे तो शिकवी. पॅरिसात त्याच्यापाशी देशोदेशीची पोरे जमली. एलोईज नावाच्या विदुषी मुलीवर त्याचे मन बसले, मुलगा झाला, चोरून लग्न झाले, आणि तिच्या चुलत्याने माणसे घालून त्याला कायमचे पंगू केले, त्याचे पुरुषपणच छाटून टाकले. मग तो साधू झाला आणि तिलाही साध्वी केले, तिच्या मनात नसताना, आणि आधी तिला शपथ घ्यायला लावून. गोदाबाईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे अपंग तो झाला आणि कोंडलं तिला." मी या माणसाचा भक्त नाही, हे यावरून समजावे.

धर्मसभेने एकदा त्याला त्याचा ग्रंथ स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावला. म्हातारपणी पुन्हा दोषी ठरवले. तरी तो जे सांगत होता ते सांगत राहिला, की पाप हातात नसते, मनाच्या संमतीत असते. वाईट आहे हे कळून मन 'हो' म्हणते तिथे पाप. जे कळत नव्हते, जे इच्छिले नव्हते, त्याला दुर्दैव म्हणा, पाप म्हणू नका.

आणि त्याने दाखला दिला होता एका गरीब आईचा. थंडीत लेकराला पांघरूण नाही म्हणून ती त्याला आपल्या चिंध्यांत घेते, झोप अनावर होते, आणि जिवापाड कवटाळलेले लेकरूच तिच्याखाली गुदमरते.

ते वाचले आणि मी पाद्रीसाहेबांच्या ओट्यावरून उठून टोपी न घालता बहादरपूरच्या वाटेला लागलो. आठशे वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या माणसाला माझी बहीण दिसली होती, आणि मला समोर उभी असताना दिसली नव्हती.

मनकर्णा गोठ्यात शेण भरत होती. मी उंबऱ्यात बसून तिला सगळे सांगितले. तिने हात न थांबवता ऐकले. मग म्हणाली,

"भाऊ, तुले एवढं समजाले फिरंग्याचं पुस्तक लागलं?"

तिने शेणाची पाटी बाजूला सारली.

"मी तर त्याच दिवशी सांगत होती. मी झोपेल व्हती. मारलं नाही. तू लिहीत होता, तुले ऐकू नाही आलं?"

मग तिने विचारले, "त्या बाईचं पुढे काय झालं?"

मी खरे सांगितले. ती धर्मगुरूपुढे जाते तेव्हा तिला मोठा दंड होतो. अबेलार्ड म्हणतो, तिच्याकडे पाप नाही, पण इतर बायकांनी सावध राहावे म्हणून माणसांच्या न्यायात असा दंड चालतो, कारण माणसाला कृती दिसते, मन फक्त देवाला दिसते.

"म्हणजे पाप नाही, पण शिक्षा आहेच," मनकर्णा म्हणाली. "मग त्याच्यात आणि दादात फरक काय राहिला?"

मी तीस वर्षे पोरांना शिकवले. इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नाही.  अबेलार्डने त्या जागी कच खाल्ली असे माझे मत आहे आणि ते मी इथे नोंदवून ठेवतो.

त्यानंतर तीन वर्षे खपून मी त्याचे चरित्र आणि विचार मराठीत उतरवले. चार वह्या झाल्या. दर रविवारी बहादरपुरास जाऊन गोठ्याच्या उंबऱ्यात बसून मी मनकर्णेला त्या वाचून दाखवी. ती अक्षर ओळखत नव्हती, पण मध्येच म्हणे, "मागचं पुन्हा वाच."

कलम ५. पाद्रीसाहेब. यांना मी काही ठेवत नाही, पण हिशेब पुरा करायचा आहे. चारही वह्या पुऱ्या झाल्यावर मनकर्णेची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते हळहळले आणि म्हणाले, "मास्तर, तिला आमच्याकडे आणा. बाप्तिस्म्याने तिचे पाप धुतले जाईल."

मी म्हणालो, "साहेब, धुवायला आधी पाप असावे लागते. तुमच्याच पुस्तकात लिहिले आहे की नाही."

ते चिडले. म्हणाले, त्या माणसाला त्याच्या धर्मसभेनेच दोषी ठरवले होते, शेकडो सज्जन संत सोडून तुम्ही नेमका दोषी माणूस का धरला? मी म्हणालो, "म्हणूनच धरला." दुसऱ्या दिवशी त्यांनी शिपाई पाठवून पुस्तक परत नेले. इकडे गावात बोभाटा झाला की कौतिक मास्तर किरिस्ताव होणार. म्हणजे एकाच आठवड्यात मी दोन्ही धर्मांतून गेलो. मी तेव्हाही माझा कुळाचार सांभाळणारा होतो, आजही आहे. ज्याला हे खोटे वाटते त्याने माझे देवघर येऊन बघावे.

कलम ६. वह्या कशा गेल्या. सन १८९४ च्या चैत्रात मी पंचांपुढे उभा राहिलो आणि मनकर्णेचा निवाडा फिरवा असे म्हणालो. वह्यांतले वाचायला घेतले. अर्धे पान झाले नसेल, दादांनी हात वर केला.

"हे किरिस्तावाचं लिखाण आमच्या ओट्यावर नको," ते म्हणाले. "कौतिक, तुला बहीण हवी का वह्या?"

मी विचारले, "म्हणजे काय?"

"वह्या इथं आमच्यासमोर जाळ. तुझ्या हातानं. मनकर्णा आजच घरात येईल. पंचांचा शब्द."

बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. अंगणात चुलाण पेटलेले होते. अबेलार्डवर हीच वेळ आली ते मी वाचले होते आणि तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. स्वतःवर आली तेव्हा आले नाही, कारण मला वाटत होते की मी सौदा करतो आहे. त्याच्यावर जबरदस्ती झाली. मी बदल्यात माणूस सोडवून नेणार होतो. चारही वह्या मी एकेक करून टाकल्या. शाईचा वास मला अजून येतो.

शेवटची वही काळी पडली तेव्हा दादा म्हणाले, "आता मनकर्णेला बोलवा. तिनं आपल्या तोंडानं कबूल करावं की लेकरू मी मारलं, म्हणजे प्रायश्चित्त देता येईल."

मी ओरडलो की हे ठरले नव्हते. दादा शांतपणे म्हणाले, "कबुलीशिवाय माफी कशी देणार? मास्तर आहेस, एवढं कळत नाही?"

मनकर्णेला आणले. तिने चुलाणाकडे पाहिले, माझ्या हातांकडे पाहिले. मग पाचही पंचांकडे पाहून ती तेच बोलली जे आठ वर्षांपूर्वी बोलली होती. "मी झोपेल व्हती. मारलं नाही." आणि फिरून मला म्हणाली, "चाल भाऊ. मले तुह्या घरी घेऊन चाल."

आम्ही चालत बऱ्हाणपुरास आलो. वाटेत ती एकदाच बोलली. "मले विचारलं असतं तर जाळू दिल्या नसत्या." गोदाबाई दारात उभी होती.  तिने कमरेची कळशी मनकर्णेच्या हातात दिली आणि म्हणाली, "पाणी तुम्ही आणा, आणि आज भाकरी तुमच्या हातची. माझं मनगट दुखतंय." तिचे मनगट दुखत नव्हते. त्या दिवसानंतर आमच्या ज्ञातीचे कोणी आमच्या घरी पाणी प्यायले नाही. गोदाबाई दहा वर्षे मनकर्णेच्या हातचे जेवली आणि माझ्याहून जास्त शांत झोपली.

कलम ७. वही. प्लेगात शहर मोकळे झाले तेव्हा आम्ही तापीकाठी झोपड्यांत राहिलो. गोदाबाई तिथेच गेली. मला काही सुचेनासे झाले. नुसता बसून राहत असे. एक दिवस मनकर्णा समोर येऊन बसली आणि म्हणाली, "भाऊ, कागद घे. मले सगळं पाठ आहे."

मला वाटले हिला वेड लागले. ती बोलू लागली. सरदाराचा मुलगा, गुरूंशी भांडण, एलोईज, ओसाड रानात पोरांनी त्याच्यासाठी बांधलेल्या बोरूच्या झोपड्या, त्याला विष घालू पाहणारे त्याच्याच मठातले साधू. माझी वाक्ये तिच्या बोलीतून परत येत होती, आणि खरे सांगतो, माझ्यापेक्षा चांगली होऊन येत होती. एकोणीस दिवस ती सांगत होती आणि मी लिहीत होतो. दुसऱ्यांदा माझे अक्षर आणि तिची गोष्ट, पण या वेळी शब्द तिचे होते.

गरीब आईच्या दाखल्यापाशी ती आली. धर्मगुरूने दंड सांगितला, इथपर्यंत बरोबर सांगितले. मग पुढे म्हणाली, "तेव्हा ती बाई त्याले बोलली, बाबा, तुह्या घरी गोधडी व्हती ना?"

मी लेखणी थांबवली. "मनकर्णे, हे पुस्तकात नाही."

"पुस्तकात नसंल," ती म्हणाली. "लिही."

मी लिहिले. ही वही, पाने एकशे बारा, मी मनकर्णेच्या मालकीची करतो. छापायची की नाही ते ती ठरवील. छापली तर वामनने तपासावी, पण त्या वाक्याला हात लावू नये. ते अबेलार्डचे नाही, मनकर्णा सुपडू महाजन हिचे आहे, अशी तळटीप द्यावी. वहीवर नाव द्यायचे तर तिचे आधी.

माझी इंग्रजी कोशाची जुनी प्रत, पृथ्वीचा गोल, दौत आणि लेखण्या तासायचा चाकू वामनला.

कलम ८. बहादरपूरचे शेत. वाटणीत मला आलेले आठ एकर कपाशीचे रान, मधल्या विहिरीसह, मनकर्णेस पूर्ण मालकीने देतो. वाटणीपत्रावर दादांची सही आहे, त्यामुळे त्यांची वा त्यांच्या मुलांची हरकत चालणार नाही. त्या विहिरीवर आजवर दादांचे रान भिजत आले, कारण मी कधी अडवले नाही. माझ्यानंतर त्यांनी मनकर्णेस विचारावे. तिने पाणी द्यावे की न द्यावे याबद्दल मी काही सुचवत नाही. आठ वर्षे जिला गावच्या विहिरीवरून हाकलले तिच्यापुढे त्यांनी येऊन उभे राहावे, एवढेच मला पाहिजे होते. हा सूड आहे असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

कलम ९. दादा, तुम्हांला. तुमच्यासाठी एक नवी गोधडी शिवून घेतली आहे. वामन ती आणून देईल. ती तुम्ही आपल्या हातांनी उघडावी.

तुमच्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. अबेलार्डच्या मापाने, ज्याला मनापासून वाटले की आपण धर्म करतो आहोत, त्याच्याकडे पाप नाही. तुम्हांला मनापासून वाटत होते का? की पेटीची किल्ली तुमच्या बायकोच्या कमरेला होती, म्हणून घरावर यायचे ते तुम्ही एकोणीस वर्षांच्या पोरीवर टाकले? मला तुमचे मन दिसत नाही. माझे दिसते. मी कळून लिहिले. त्या दिवशी त्या ओट्यावर पाप झाले असेल तर त्यातले निदान एक नक्की माझे आहे, तुमचे काय ते तुम्ही बघा. मी तुम्हांला माफ केलेले नाही. तो अधिकार माझा नाही, तिचा आहे, आणि तिने अद्याप वापरलेला नाही.

कलम १०. अंत्यविधी. मला अग्नी मनकर्णेने द्यावा. बाईने देऊ नये असे कोणी म्हटले तर वामनने त्याला नदीवरून घरी जायला सांगावे. दादांच्या मुलांनी खांदा देऊ नये. माझ्यासाठी कसलेही प्रायश्चित्त करू नये.

अबेलार्ड दोषी म्हणूनच मेला. एका भल्या मठाधिपतीने त्याला शेवटी आसरा दिला होता. त्याने एलोईजच्या मागण्यावरून सर्व पापांतून मुक्त केल्याचा कागद लिहून दिला, तो तिने अबेलार्डच्या कबरीवर लावायला मागितला होता. असा कागद मेल्यावर मिळून काय उपयोग? माणूस जिवंत असताना, त्याच्या हातात, सरकारी शिक्क्यानिशी मिळाला पाहिजे. म्हणून मी पाडव्याची वाट न बघता हा आजच नोंदवतो आहे, आणि नोंदीची पहिली नक्कल मनकर्णेस द्यायची आहे.

कलम ११. हे कलम नंतर जोडले आहे. वरील सर्व मजकूर मी आज सकाळी वामन व शेजारी शेख हुसेन यांच्यासमोर मनकर्णेस वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. संपल्यावर मी विचारले, काही बदलायचे आहे का? मला वाटले ती विहिरीबद्दल किंवा गोधडीबद्दल बोलेल.

ती म्हणाली, "भाऊ, त्या कागदात तू 'अर्भक' लिहिलं व्हतं. यातही तू 'लेकरू' लिहिलं, 'मूल' लिहिलं. दादाचं नाव लिहिलं, त्या फिरंग्याचं दहा वेळा लिहिलं. त्याचं नाव कुठं आहे?"

मी पाने उलटून बघितली. कुठे नव्हते. पंचवीस वर्षांत ते नाव मी एकदाही उच्चारले नव्हते, आणि खाली मान घालून मला ते तिलाच विचारावे लागले. शेख हुसेनांनी डोळ्यांना उपरणे लावले.

तिने सांगितले तसे लिहितो. बारशाला त्याचे नाव अनंत ठेवले होते. घरात त्याला गोटू म्हणत. त्याच्या डाव्या कानामागे तीळ होता. तो त्रेचाळीस दिवस जगला आणि थंडीने व झोपेने गेला. त्याला कोणी मारले नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

कौतिक सुपडू महाजन, सही दस्तुरखुद्द.

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली:
वामन बळवंत टोकेकर, शिक्षक, बऱ्हाणपूर.
शेख हुसेन मोमीन, विणकर, शेजारी, बऱ्हाणपूर.

मुक्काम बऱ्हाणपूर, तारीख १३ फेब्रुवारी १९११, माघ, शके १८३२.